चार दाणे परत

१

नवस बोलताना ताराचे हात जोडलेले नव्हते. हातात सोनलचे ओले केस होते. हॉस्पिटलातून घरी आणलेल्या लेकीला तिने न्हाऊ घातलं होतं. हे दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदाही पोटातलं पोटात राहिलं नव्हतं. टॉवेलने केस टिपता टिपता तारा मनातल्या मनात म्हणाली, "आई जगदंबे, हिला पुन्हा दिवस राहू देत. सातवा लागला की पाच शुक्रवार करीन. दर शुक्रवारी पाच सवाष्णींची ओटी भरीन. एकही शुक्रवार चुकवणार नाही, कुठेही असले तरी."

'कुठेही असले तरी' हे तिने उगाच जोडलं. कुवेतमधल्या मंगफचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून ती जाणार तरी कुठे होती? तिचा नवरा जगन्नाथ तीस वर्षं शुऐब्याच्या एका केमिकल प्लांटमध्ये टेक्निशियन. सकाळी साडेपाचला कंपनीची बस, संध्याकाळी परत. सोनल इथेच वाढली, इथेच नर्स झाली, लग्न करून रिग्गईला गेली. ताराचं सगळं जग त्या दोन पत्त्यांत मावत होतं.

दोन वर्षांनी सोनलला दिवस राहिले. सातवा लागला आणि ताराने पहिला शुक्रवार केला.

कुवेतमध्ये शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे सवाष्णी मिळायला अडचण पडत नाही. समोरच्या बिल्डिंगमधली सुखदा आणि तिची सासू यायच्या. खालच्या मजल्यावरची फरजाना यायची, दापोलीकडची, आणि तिची जाऊ रबिया. पाचवी कुणी ना कुणी मिळायचीच. फरजानाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "कुंकू नको हां ताराताई. तांदूळ दे, नारळ दे, खण तर दोन दे. सोनलच्या पोरासाठी मी रोज ओटी भरून घेईन, मला काय जातंय!"

ताराच्या माहेरची एक रीत होती. पाच ओंजळी तांदूळ पदरात पडले की घेणारीने त्यातले चार दाणे उचलून देणारीच्या ताटात परत टाकायचे. म्हणजे देणं-घेणं तिथल्या तिथे मिटतं, कुणाचं कुणाकडे राहत नाही. ते चार दाणे तारा देवाच्या डबीत ठेवायची.

चार शुक्रवार झाले. पाचव्या शुक्रवारी ती जपानमध्ये असणार होती.

२

सहल आधीच ठरली होती. जगन्नाथ निवृत्त होणार, फरजाना आणि गफूरभाईंच्या लग्नाची पंचविशी झालेली, तेव्हा मंगफच्या चार-पाच कुटुंबांनी मिळून पैसे भरून टाकले होते. सहा रात्री, होक्काइडो, ज्वालामुखीच्या सरोवराचा सगळा परिसर, सोबत गाईड. तारा म्हणाली होती, मी नाही येत. सोनलने फोनवर झापलं.

"आई, प्लीज. मी नर्स आहे, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का? बाबांनी तीस वर्षांत कुठे सुट्टी घेतली? यू आर गोइंग. नवस काय, तिथे पण बायका असतातच ना."

तेही खरंच होतं.

त्या सरोवराचं नाव ताराच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. ती त्याला तळंच म्हणायची. तळं म्हणजे मुळात डोंगराचं तोंड, असं टूरबरोबर आलेल्या पुण्याच्या ओंकारने सांगितलं. तो स्थानिक गाईडचं, मोरी-सानचं, बोलणं मराठीत करून द्यायचा. हजारो वर्षांपूर्वी डोंगर फुटला, खचला आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. थंडीतही ते गोठत नाही. काठावरचा दुसरा डोंगर अजून धुमसतो. त्याच्या अंगातून ठिकठिकाणी वाफ निघत होती, चुलीवरचं झाकण नीट बसलं नाही की निघते तशी.

बसमधून उतरताच सगळ्यांनी नाकं धरली. कुजलेल्या अंड्यांचा वास.

जगन्नाथने मात्र छाती भरून श्वास घेतला. "अरे, हे तर शुऐबा!"

"तीन विमानं बदलून आणला," फरजाना म्हणाली, "तरी हा माणूस ड्युटीवरच!"

"हसू नका, वहिनी. हा वास येतोय तोवर बरं असतं. आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. गॅस वाढला की नाक मरतं. वास एकदम यायचा थांबला, तर हवा स्वच्छ झाली असं समजायचं नाही. पळायचं."

ताराने ते ऐकलं आणि सोडून दिलं. हे वाक्य तिने गेल्या तीस वर्षांत जेवताना शंभरदा ऐकलं होतं.

तळ्याकाठच्या सराईत चटयांच्या खोल्या होत्या आणि प्रत्येकाला घालायला निळ्या-पांढऱ्या सुती झग्यांची घडी. यूकाता. संध्याकाळी मोरी-सानने सगळ्या बायकांना एका खोलीत उभं करून ते कसं नेसायचं दाखवलं. उजवी बाजू आत, डावी बाजू वर, मग पट्टा. एकेकीजवळ जाऊन तिने काठ तपासले. पन्नाशीची, नीटनेटकी, कमी बोलणारी बाई.

"आणि उजवी वर आली तर?" सुखदाने विचारलं.

मोरी-सान दोन शब्द बोलली. दाराबाहेर उभ्या असलेल्या ओंकारने ते सांगायला जरा वेळ घेतला. "तसं फक्त गेलेल्या माणसाला नेसवतात म्हणे."

"हाय अल्ला!" फरजाना ओरडली. "माझी बघ गो ताराताई, कुठली वर आहे?"

ताराने वाकून पाहिलं. "जिवंत आहेस."

सगळ्या हसल्या. मोरी-सानही हसली. पण जाता जाता तिने पुन्हा एकदा प्रत्येकीच्या छातीवरचा काठ पाहून घेतला, हे ताराला दिसलं.

३

शुक्रवारी दुपारी पुरुष मंडळी गरम पाण्याच्या हौदात जाऊन बसली. ताराने खोलीत ताट मांडलं. तांदूळ तिथलेच, ओंकारने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले. आखूड, गोल, मोत्यांसारखे. नारळाच्या जागी अक्रोड. खण मात्र तिने घरून आणले होते, पाच.

पाचवी सवाष्ण मोरी-सान. तिला आदल्या दिवशी ओंकारकरवी विचारलं होतं. ती तीनदा वाकून हो म्हणाली होती. पण सकाळी बोटीवरून उतरताना कुणाचा तरी पाय मुरगळला आणि मोरी-सान त्यांना घेऊन दवाखान्यात गेली, ती अजून आलेली नव्हती.

फरजाना, रबिया, सुखदा आणि सुखदाच्या सासूबाई. चार ओट्या भरल्या. चौघींनी चार-चार दाणे परत टाकले आणि आंघोळीला पळाल्या. ताटात पाचवा खण राहिला.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. दिवेलागणीच्या आत ओटी व्हायला हवी. तारा ताट घेऊन व्हरांड्यात आली. सराईतल्या कामाच्या बायकांपैकी एखादी दिसेल, असं तिला वाटलं. लांबलचक व्हरांडा रिकामा होता. दोन्ही बाजूंची सरकती दारं बंद. पायाखालचं लाकूड थंड.

अगदी टोकाला, तळ्याकडे उघडणाऱ्या काचेजवळ, एक बाई पाठमोरी बसली होती.

ताराला इतकं बरं वाटलं की ती जवळजवळ धावलीच.

बाईच्या अंगावर सराईतलाच निळा-पांढरा यूकाता होता. केस ओले, पाठीवर मोकळे. नुकतीच न्हालेली असणार. "सॉरी हं," तारा म्हणाली आणि हातांनी खुणा केल्या. ताट, खण, कपाळ. बाईने मान वर केली नाही. पण ती वळली, गुडघ्यांवर बसली आणि यूकात्याची पुढची बाजू दोन्ही हातांत धरून तिने पसरली. अगदी पदर पसरतात तशी.

आपण हिला हे दाखवलं होतं का, असं ताराच्या मनात आलं. दाखवलं नव्हतं.

तिने कुंकवाचं बोट पुढे केलं. कपाळ थंड होतं, फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या डब्यासारखं. गरम पाण्यातून आलेलं माणूस इतकं गार कसं? आणि वाकताना तिची नजर काठावर गेली. उजवी बाजू वर होती.

हिला कुणी शिकवलं नाही वाटतं, तारा स्वतःशी म्हणाली. आपल्यासारखीच परकी असेल. कोरियाची, चीनची. बिचारी एकटीच आलेली दिसते.

तिने ओंजळ भरली आणि ओतली. तांदूळ पदरात पडतात तेव्हा बारीक सळसळ होते. चाळीस वर्षांची ओळखीची सळसळ. ती झाली नाही. दाणे पाण्यात पडावेत तसे निमूट गेले. दुसरी ओंजळ. तिसरी. ताराने आपल्या कानावर हात फिरवला, बोटीतला वारा भरला असेल म्हणून. पाच ओंजळी झाल्या, खण झाला, अक्रोड झाला.

मग बाईची बोटं ओटीत चाचपडू लागली. काहीतरी शोधत होती. बोटांची टोकं सुरकुतलेली होती, भांड्यांच्या पाण्यात फार वेळ हात राहिले की होतात तशी.

जिभेला लागलेलं वळण कुठे जातं! कुणी हळदीकुंकवाला येऊन निघालं की तारा जे म्हणायची, तेच तिच्या तोंडून सहज निघालं.

"राहू द्या हो, चार दाणे कुठे पळून जातात! घरी आलात की द्या. या हं नक्की. मंगफला, तिसरा मजला."

आणि परक्या बाईशी आपण मराठीत बोलतोय म्हणून तिचं तिलाच हसू आलं.

बाईने मान हलवली. एकदाच, खाली.

खोलीच्या दाराशी पोचून ताराने मागे पाहिलं तेव्हा काचेजवळ कुणी नव्हतं. बसण्याची जागा ओली होती. जमिनीवर दाणा एकही नव्हता.

तिने सोनलला फोन लावला. कुवेतमध्ये सकाळचे दहा वाजले होते. "झाले गं माझे पाच. पुरे झाले."

"वा! इकडे तुझं नातवंड सकाळपासून फुटबॉल खेळतंय," सोनल म्हणाली. "आई, तुझा आवाज असा का येतोय? पाण्यातून बोलल्यासारखा."

"रेंज नसेल."

४

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मोरी-सानने ताराची माफी मागितली, काल येता आलं नाही म्हणून. तारा म्हणाली, काही नाही हो, पाचवी मिळाली. व्हरांड्यातल्या बाई होत्या ना, त्या.

ओंकारने सांगितलं. मोरी-सान म्हणाली, तो सगळा मजला आपल्याच ग्रुपने घेतलाय. दुसरं कुणी नाही.

"मग कामाची बाई असेल. यूकाता होता अंगावर. उलटा नेसली होती," आणि ताराने हाताने काठ दाखवला.

मोरी-सानने ते दोनदा दाखवायला लावलं. मग तिने काहीतरी विचारलं. ओंकार म्हणाला, "काकू, त्या विचारतायत, तुम्ही राहता कुठे?"

"कुवेत."

"ते इथून खूप लांब आहे ना, असं विचारतायत."

"हो. खूप."

मोरी-सान हळूच म्हणाली, "बरं आहे." आणि वाकली. त्यानंतर तीन दिवस तिने सगळं नीट केलं. माणसं मोजली, पाण्याच्या बाटल्या दिल्या, बोटीत चढताना म्हाताऱ्यांना हात दिला. फक्त ताराच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

५

मंगफला परतल्यावर आठवड्याभरात सोनल बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा लागला होता. तिच्या जुन्या खोलीत ताराने नवी चादर घातली.

बूट ठेवायच्या रॅकशी, दाराच्या आत, दोन दाणे पडले होते. आखूड, गोल, मोत्यांसारखे.

ताराच्या घरात कोलम शिजतो आणि सणाला बासमती. खालच्या बकाल्यात, त्या किराणा दुकानात, असले तांदूळ मिळतसुद्धा नाहीत. पण बॅगेतून आले असतील, साडीच्या घडीत अडकून. अडकतात. तिने दाणे उचलले. ओले होते. लादी पुसली असेल, म्हणून ओले. लादी तिने सकाळी सहाला पुसली होती आणि आता बारा वाजले होते. पण कुवेतच्या दमट दिवसांत काय वाळतं लवकर?

दाणे तिने देवाच्या डबीत टाकले नाहीत. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कागदात गुंडाळून खिडकीत ठेवले.

घरात वास येऊ लागला होता. जगन्नाथचा निवृत्तीपूर्वीचा शेवटचा महिना चालू होता. तो दाराशी युनिफॉर्म काढून ठेवायचा आणि खिशाला लावायचं, गॅस वाढला की वाजणारं छोटं यंत्र रॅकवर. कुजलेल्या अंड्यांचा वास या घराला नवा नव्हता.

"आई, हे बाबांचे कपडे बाल्कनीत ठेव ना," सोनल म्हणायची. "मला मळमळतं."

तारा ठेवायची. वास जायचा नाही. दिवसभरात तो स्वयंपाकघरापर्यंत यायचा, संध्याकाळी पॅसेजमध्ये असायचा.

मंगळवारी ती दूध घेऊन वर येत होती तेव्हा हारिसने, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराने, तिला थांबवलं. सर्फराज त्याचं नाव. हातात पोछा होता, चेहरा वैतागलेला.

"आंटी, आपके मेहमान ऊपर पहुँच गए?"

"कौन मेहमान?"

"वो मैडम. तीसरा माला बोला. पूरी लिफ्ट पानी-पानी कर दी."

"एसी का पानी होगा, सर्फराज."

"लिफ्ट में एसी कहाँ है, आंटी?"

तारा जिन्याने वर आली. दाराला कुलूप होतं तसंच होतं. आत सोनल झोपली होती, कुशीवर, हात पोटावर. उशीच्या अभ्र्यावर, तिच्या ओठांपासून चार बोटांवर, एक दाणा होता.

ताराने तो उचलला. दोन आणि एक, तीन. चार दाणे परत द्यायचे असतात. एक राहिला.

म्हणजे ती फक्त द्यायला येते आहे, ताराने स्वतःला समजावलं. आपणच बोलावलं. रीतच आहे ती. यात वाईट काय? मग दाराशी का नाही सगळे देऊन टाकले? एकेक पाऊल आत का? आणि सोनलच्या उशीवर का?

तिने जगन्नाथला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, दाणा दिव्याखाली धरून पाहिला.

"अगं, आपली बॅग तिच्याच खोलीत होती की."

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मला तसं वाटायला हवंय," जगन्नाथ म्हणाला, आणि त्याने दाराला वरची कडी घातली. ती कडी त्या घरात त्यांनी कधीच लावली नव्हती.

६

डोहाळजेवण पुढच्या शुक्रवारी. रद्द करावं असं ताराला दहादा वाटलं. पण काय सांगणार? तांदळाचा दाणा सापडला म्हणून?

दुपारी घर भरलं. मसालेभाताला वाफ आली होती, अगरबत्ती लावली होती, मोगऱ्याच्या गजऱ्यांची अख्खी टोपली होती. सोनलला हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून खुर्चीत बसवलं होतं. आणि या सगळ्याच्या खालून तो वास. सोनलने नाकाला रुमाल लावला तेव्हा ताराने युनिफॉर्म मशीनमध्ये टाकून मशीन चालू केलं. साबणाच्या पाण्यात युनिफॉर्म गरगरत होता आणि वास दिवाणखान्यात उभा होता. आता तो कशाचा म्हणायचा?

इंटरकॉम वाजला. सर्फराज होता. "आंटी, वो मैडम फिर से गई ऊपर."

ताराने फोन ठेवला. दाराला वरची कडी होती. तिने स्वतः पाहिली.

ओट्या भरायला सुरुवात झाली. फरजानाने पहिली भरली आणि मागे सरकली नाही. "नाव घे गो पोरी, त्याशिवाय उठायला देणार नाही."

"फरजाना आंटी, मला नाही येत ते मराठी पोएम!"

"अगो, प्रणयचं नाव घ्यायला पोएम कशाला लागते? मग तो आवडतो कशाला?"

हशा पिकला. रबियाची ओटी झाली, सुखदाची झाली. सुखदाच्या सासूबाई ताट घेऊन वाकल्या. त्यांच्या मागे रांगेत कुणी नव्हतं.

तेव्हा वास थांबला.

सगळेच वास थांबले. मोगरा, अगरबत्ती, मसालेभात, तूप. कुणी ताराच्या नाकावर कोरा कागद चिकटवावा तसं झालं. वास एकदम यायचा थांबला, तर हवा स्वच्छ झाली असं समजायचं नाही.

रॅकवरचं यंत्र केकाटू लागलं.

"कुणाचा फोन वाजतोय?" सुखदाने विचारलं.

सासूबाई बाजूला झाल्या. त्यांच्या खांद्यामागे, फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे माणूस उभं राहील इतकी जागा नव्हती, तिथे एक निळी-पांढरी बाही होती. बाहीतून पाणी ठिबकत होतं आणि ठिबकण्याचा आवाज येत नव्हता. उजवी बाजू वर. पुढचा भाग दोन्ही हातांनी उचलून धरलेला, जड, भरलेला. ताराने दिली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. चेहरा केसांत होता. ताराने चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. तिने हात पाहिले. ते सोनलच्या दिशेने निघाले होते.

सोनल हसत होती, मान खाली, पदर पसरून. तिला वाटलं पुढची बाई आली. "आई, नेक्स्ट कोण?"

ताराच्या गुडघ्यांत बारा वर्षांचा वात होता. ती कशी पोचली तिला कळलं नाही. ती लेकीच्या आणि त्या हातांच्या मध्ये गुडघ्यांवर बसली, सोनलचा पदर एका हाताने मागे लोटला आणि आपला पसरला.

"तिचं नाही हो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच पाण्यातून आल्यासारखा वाटला. "तिने काही दिलं नव्हतं. मी दिलं होतं. माझ्या पदरात घाला. सगळं माझ्या पदरात घाला."

थंडी उतरली. एक ओंजळ. दुसरी. पाच मोजेपर्यंत ताराने डोळे मिटले नाहीत, पण तिला त्या निळ्या-पांढऱ्या कापडाखेरीज काही दिसलं नाही. कापडामागे खूप खोल काहीतरी होतं, तळ नसलेलं, न गोठणारं.

"ताराताई! काय झालं गो? चक्कर आली?" फरजानाने तिला दंडाला धरलं.

यंत्र गप्प झालं होतं. जगन्नाथ ते हातात घेऊन पाहत होता, पुन्हा पुन्हा. "शून्य दाखवतंय," तो म्हणाला. "मग वाजलं कशाला?" फ्रीजशेजारची लादी ओली होती. सुखदा म्हणाली, बर्फ वितळला असेल.

ताराच्या पदरात एकच दाणा होता. गोल, ओला. पण पदराला ओझं भरल्या ओटीचं होतं. ते सांभाळत ती देवाच्या कप्प्यापर्यंत गेली. वाकताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

७

सोनलला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, सहा पौंडांची, जन्मताच घर डोक्यावर घेणारी. नाव ठेवलं माहीन. प्रणयला ते आवडलं, फरजानाला तर फारच.

"आई, हिच्या टाळूचा वास घे ना," सोनल म्हणाली. "किती गोड येतो."

ताराने नाक टाळूवर टेकवलं. मऊ, गरम, तलम. वास नव्हता. त्या शुक्रवारपासून तिला कशालाच वास नव्हता.

"छान आहे गं," ती म्हणाली.

ते चार दाणे आता एका वेगळ्या डबीत आहेत, अजून वाळलेले नाहीत. ते ती कुणाला दाखवत नाही. शुक्रवार मात्र तिने सोडलेला नाही. अजूनही पाच सवाष्णी येतात. अजूनही ती हसून ओट्या भरते. चार दाणे ताटात पडल्याशिवाय कुणालाही उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही.

एके सकाळी चहा देताना जगन्नाथ तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, पदर उलटा घेतलायस. उजव्या खांद्यावर."

ताराने आरशात पाहिलं. आरशात तो बरोबर दिसत होता. तिने साडी सोडली, पुन्हा नेसली, डाव्या खांद्यावर नीट पिन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आपोआप पुन्हा तसेच गेले. आता ती नेसून झाल्यावर जगन्नाथसमोर जाऊन उभी राहते. तो तिचा पदर काढून दुसऱ्या खांद्यावर ठेवतो.

ताराला त्याचं दुःख नाही. पाळण्यात माहीन हात-पाय नाचवते आहे, देवीने शब्द पाळला, असंच ती म्हणते. म्हणून बायांनो, तुम्हीही एवढं करा. ओटी भरलीत की चार दाणे तिथेच मागून घ्या, उद्यावर टाकू नका. आणि चुकून कुणाला घरी या म्हणून गेलात, आणि ती आलीच, ओलेत्याने, भरल्या ओटीनं, तर दाराला कड्या लावत बसू नका. तिला पाट द्या. कपाळ गार लागलं तरी हात मागे घेऊ नका, कुंकू लावा. फक्त लेकीचा पदर मागे सारा, आणि आपला पुढे करा.